तुझंच तेवढं ऐकू येत नाही

आईला फोन करायची माझी वेळ ठरलेली होती, सकाळी गाडीत. घर इकडे उत्तरेत, सेक्टर ४३ मध्ये, नोकरी डेराबस्सीच्या औषध कारखान्यात आणि वाटेत झिरकपूरचा ट्रॅफिक. तिथं रोज अडकायचंच, तर तेवढ्यात कराडला आईशी बोलून घ्यावं, असं मी ठरवून टाकलेलं. फोन गाडीला जोडलेला, हात स्टिअरिंगवर. आईसाठी वेगळा वेळ मी कधी काढलाच नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

गेल्या दिवाळीनंतर ती म्हणायला लागली, "अरे, तुटक येतंय. काय म्हणालास?" मी ओरडून परत सांगायचो. मग एकदा म्हणाली, "बाकी सगळ्यांचं नीट येतं रे. तुझंच तेवढं ऐकू येत नाही."

"बाकीचे मोठ्यानं बोलतात, आई. या वयात कान जातातच. मान्य कर की आता!"

ऑफिसमधले लोकही "सर जी, आवाज़ कट रही है" म्हणायचे. तेव्हा मी नेटवर्कला शिव्या घालायचो. त्यांच्या बाबतीत नेटवर्क आणि आईच्या बाबतीत कान! गाडीतच काही बिघडलं असेल, हे माझ्या डोक्यात येणार तरी कसं? वीस वर्षं हवाई दलात विमानांच्या वायरिंगवर काम केलेला माणूस मी. माझ्या हातचं काही बिघडतं थोडंच!

आई घरी मुलींना पेटी शिकवायची. कुणाचं बोट चुकीच्या स्वरावर पडलं, तर ही स्वयंपाकघरातून भाजी ढवळता ढवळता सांगायची. अशा बाईला मी ऐकू येण्याचं यंत्र पाठवलं. ऑनलाइन मागवलं, कानांची तपासणीसुद्धा न करता. वर शहाणपणा पाजळला, "लावून तर बघ, सवय होईल." यंत्र शिट्ट्या मारायचं, पेटीचा आवाज फाटका ऐकवायचं. दोन महिन्यांत तिनं मुलींना सांगून टाकलं, "माझ्या कानांचा आता भरवसा नाही, तुम्ही दुसरी बाई बघा." हे मला आईजवळ राहणाऱ्या वहिनीनं कळवलं. मी काय म्हणालो असेन? "बरं झालं, तिला तेवढाच आराम!"

जूनमध्ये गाडीच्या छताचा दिवा फडफडायला लागला. आई इतके महिने सांगत होती तेव्हा मी हललो नव्हतो. दिव्यासाठी मात्र रविवारी सकाळीच हत्यारं घेऊन खाली उतरलो. आरशाच्या वर दिव्याचं नि सनरूफच्या बटणांचं पॅनेल असतं ना, ते प्लास्टिकच्या पातीनं उचकटलं. आत वायरींचा जुडगा क्लिपखाली चेंगरलेला. एका वायरचं आवरण फाटून आतलं तांबं छताच्या पत्र्याला टेकत होतं. गाडीतून फोनवर बोलताना आवाज टिपणारा माइक असतो ना, ती वायर त्याची होती.

चेंगरली कुणी? मीच. दिवाळीच्या सुट्टीत पिवळा बल्ब काढून झकास पांढरा एलईडी बसवला होता. पॅनेल दाबून बसवलं, दिवा लागला, मी खूश. हवाई दलात पहिला धडाच हा, की जे उघडलंस त्यातलं सगळं तपासायचं, नुसतं बदललेलं नाही. यावरून मी नव्या पोरांना किती झापलंय! आणि स्वतःच्या गाडीत फक्त दिवा बघितला.

वायरचा खराब तुकडा कापला, टोकं जोडून सोल्डरचा डाग दिला, वरून प्लास्टिकची नळी चढवली, जुडगा क्लिपपासून लांब टेपनं बांधला. वर घरात असलेल्या मुलीला फोन लावला.

"पापा, अब तो एकदम साफ! पहले आप रोबोट लगते थे."

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"बताया था. आपने कहा, नेटवर्क है."

तोंडात मारल्यासारखं झालं. घामानं निथळत तिथंच बसून आईला फोन लावला.

"आई, तुझे कान ठणठणीत आहेत गं. माझा माइक बिघडला होता. मीच बिघडवला होता. चुकलो."

"आज स्पष्ट येतंय बघ," ती म्हणाली. "पण किती ओरडतोयस! शेजारी काय म्हणतील?"

"ओरडत नाहीये, आई. अगदी हळू बोलतोय."

"असू दे रे. मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस, कळतं मला."

मी वायर, क्लिप, पत्रा, सगळं पहिल्यापासून समजावलं. गळ्याची शपथ घेतली. म्हटलं, मुलींना परत बोलाव, आजच्या आज बोलाव.

"नको रे बाबा. एखादा चुकीचा स्वर माझ्या कानांतून सुटला, तर त्या पोरींचं नुकसान."

मी परत वायरपासून सुरुवात केली. पलीकडून तिचाच आवाज आला, वहिनीला हाक मारून सांगत होती, "अगं, हा काय म्हणतोय ते जरा तू ऐक. माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक होतेय."