आलूच्या पातेल्यावर पहारा

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. पोरगं पोट दुखते म्हणालं की मी पहिले त्याचा गृहपाठ मागते. दूधवाला आला की दुधात बोट बुडवून पाहते, मगच पातेलं उचलते. त्यामुळे बुलढाण्याच्या डॉक्टरनं आमच्या यांना पहिला पंधरवडा धान्य बंद, गूळ-साखर बंद, फळंसुद्धा बंद असं सांगितलं, तेव्हा मला पहिला संशय आला तो त्या डॉक्टरचाच.

"केळं वाईट अन् तूप चांगलं? हे कोणतं शास्त्र हो डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर वयानं लहान, पण खमक्या होता. तो म्हणाला, गोळ्या वाढवून झाल्या, साखर काही उतरत नाही. अशीच राहिली तर डोळ्यांच्या मागच्या पडद्याला धक्का बसेल, आणि तिथली गेलेली नजर परत मिळत नसते. डोळ्यांच्या डॉक्टरलाही लगेच दाखवा, असं त्यानं बजावलं. यावर हे काय म्हणाले? "साखर उतरू द्या, मंग एकदाच दाखवतो." मी खूप डोकं आपटलं, पण हा माणूस ऐकेल तर शपथ. परतीच्या बसमध्ये घाट उतरेपर्यंत मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मनात एकच धास्ती होती, यांचे डोळे.

दुसऱ्या दिवशी संग्रामपूरच्या बाजारात पिशवी घेऊन उभी राहिले, तर कोणती भाजी साव आणि कोणती चोर, काही कळेना. डॉक्टरनं दिलेल्या छापील कागदावर ब्रोकोली आणि अव्होकाडो होतं. आमच्या बाजारात अव्होकाडो मागितलं असतं तर भाजीवालीनं मलाच दवाखान्यात नेलं असतं. डॉक्टरनं तोंडी एक खूण सांगितली होती, जमिनीखालचं नको, जमिनीवरचं चालेल. मग कांद्याचं काय? आणि कोहळं, म्हणजे लाल भोपळा, तर वेलावर येतं, तरी गुळचट लागतं. गाजराकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी वांगी, फूलकोबी, पालक, मेथी आणि अंबाडी घेतली, आणि आपण जिंकलो असं समजून घरी आले.

घरी आल्यावर कळलं की चोर माझ्या हातातच आहे. आपल्याकडे अंबाडीत ज्वारीच्या कण्या पडतात, पालकाच्या पातळ भाजीला बेसन लागते, आणि मेथी डाळीवाचून कोणी करत नाही. मी कण्यांशिवाय अंबाडी शिजवली, तर मामाजी, म्हणजे माझे सासरे, ताटाकडे पाहून म्हणाले, "सुनबाई, निव्वळ पाला तर बकरी खाते."

मामाजींनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. त्यांच्या लेखी ज्यानं भाकर सोडली तो माणूस हातचा गेलाच. "अर्धी भाकर दे ना त्याले. अर्धीनं काय होते?" असं ते रोज म्हणत. घरात आम्ही तिघंच, आणि तिघांसाठी मला दोन स्वयंपाक करावे लागत. मामाजींना भाकर आणि आलूचा रस्सा, यांना त्याच मसाल्याचा फूलकोबीचा रस्सा, सोबत दही आणि अंड्याची पोळी. सकाळी दोन्ही रस्से दोन सारख्या पातेल्यांत झाकून मी शाळेत जायची. मामाजी लवकर जेवून देवळात जात. हे दुकान बंद करून दुपारी येत आणि एकटेच जेवत. बियाण्याचं छोटं दुकान आहे आमचं.

आठवडा झाला तरी सकाळची साखर हटेना. मला साखर मोजायच्या मशीनचा संशय आला. मी माझ्याच बोटाला सुई टोचली, तर माझी साखर अगदी शहाण्यासारखी. मग संशय मामाजींवर गेला. त्यांना सरळच विचारलं, "तुमी यांना भाकर देता काय?" म्हातारा माणूस इतका रागावला की संध्याकाळी जेवलाच नाही. मग राहिलं कोण?

यांचं वागणंही संशय यावा असंच होतं. मोटारसायकल दारात उभी, आणि हे शेतात पायी. "चाललं का साखर उतरते," म्हणत. मला वाटे, मोटारसायकल हॉटेलापुढे उभी दिसली तर गावभर होते, म्हणून ही युक्ती. सदऱ्याला कचोरीचा वास येतो का, ते मी धुवायला टाकताना हुंगून पाहत असे. पेपर वाचणंही सोडलं होतं. "काय असते त्याच्यात!" म्हणायचे. मी म्हटलं, हे मन कशात तरी गुंतलंय, आणि ते नक्की खाण्यात.

मग एका दिवशी शाळेतून आले, झाकणं उघडली, आणि पुरावाच सापडला. फूलकोबीचं पातेलं जसंच्या तसं, आलूचं तळाला गेलेलं. मामाजी एक वाटी खातात, त्यापेक्षा जास्त कधीच नाही.

"तुमी आलू खाल्ले?"

"हाव. खाल्ले."

"काऊन?"

"मन झालं."

इतकं सरळ! ना लाज, ना बहाणा. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की सांगता सोय नाही. यांच्या पुढ्यात जाऊन, तोंडाशी तोंड आणून मी भांडले. म्हटलं, "डोळे जातील तुमचे, समजते काय? मी तुमचा हात धरून फिरवू काय गावभर? जिभेपुढं काहीच दिसत नाही तुम्हाला?" हे माझ्याकडे पाहत ऐकत राहिले. दोन दिवसांनी पुन्हा आलूच संपले. पुन्हा तेच, "हाव, खाल्ले." मी यांना चोर म्हटलं, चटोर म्हटलं. शेजारणीलाही ऐकू गेलं असेल.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. मी ठरवलं की रंगेहाथ पकडायचं. मागच्या दारानं आले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी चपला काढून उभी राहिले. आत भर दुपारचा उजेड होता.

हे पाटावर बसले होते. एक झाकण उघडलं आणि नाक रश्श्याला लागेल इतके वाकले. मग दुसरं उघडलं, तसेच वाकले. दोन्हींना मसाला एकच, वासावरून काय कळणार? बोटानं चाचपावं, तर आमच्या घरी दुसऱ्याच्या अन्नात बोट घालत नाहीत, ते खरकटं होते. शेवटी एका पातेल्यातून पळीभर ताटात घेतलं, दही कालवलं, घास तोंडात घातला. आणि चावता चावता थांबले.

"आलूच हाय," स्वतःशीच म्हणाले.

ताटात घेतलेलं परत पातेल्यात टाकता येत नाही, आणि अन्न फेकायचं नाही, ही मामाजींची लहानपणापासूनची शिकवण. यांनी खाली मान घातली आणि ते सगळं संपवलं. चवीनं खाणारा माणूस असा खात नाही.

मी आत गेले आणि यांच्यासमोर तीन हातांवर उभी राहिले. अंगावर पिवळीधमक साडी होती.

यांनी वर पाहिलं. "बाबा," म्हणाले, "देवळातून आज लवकर आले काय?"



सोमवारी पहिल्या बसनं बुलढाण्याला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरनं बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्यात मागे रक्त उतरलं होतं, बऱ्याच दिवसांपासून. त्याचं आता काही सांगता येत नाही, म्हणाले. डाव्यालाही सुरुवात झाली आहे. इंजेक्शन देऊ, तो सांभाळायचा प्रयत्न करू, पण साखर उतरायलाच पाहिजे. "दिसत नव्हतं तर सांगायचं नाही का?" डॉक्टर यांना म्हणाले. हे ओशाळल्यासारखे हसले.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "मी तुम्हाला चोर म्हटलं. चटोर म्हटलं. तरी तुमी हाव, हावच म्हणत राहिले. दिसत नाही म्हणून एकदा तरी काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू घाबरली असती. पोटात ठेवून चूपचाप बसली असती." मग म्हणाले, "अन् भांडाले लागली का तू अगदी जवळ येते. तेवढ्या जवळून तुहा चेहरा दिसे मले. जरासा."

बस गच्च भरलेली होती. तरी मी रडले, लोकांदेखत, मोठ्यानं रडले. रडत रडतच यांच्या तोंडाशी तोंड नेलं आणि विचारलं, "आता दिसते काय?"

यांनी मान वळवून डावा डोळा माझ्याकडे केला. "औषधानं धुकटच आहे सगळं," हे म्हणाले. "पण रडून राह्यली तू, एवढं दिसते."