तो, ती, ते आणि माल्टा

परदेशात राहून मराठी बिघडते असं म्हणतात, पण आमच्या घरमालकांसमोर बिघडण्याची तिची छाती नव्हती. हॅरो आणि स्टॅनमोरमधली निम्मी मराठी मंडळी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची ती निव्वळ भीतीपोटी. लंडनच्या एका कौन्सिलात तीस वर्षं त्यांनी चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाड्या पकडल्या होत्या; रिटायर झाल्यावर ते लोकांच्या वाक्यांत चुकीच्या जागी उभे केलेले तो, ती आणि ते पकडू लागले. कुणी चुकलं, की उजव्या हाताची तर्जनी वर व्हायची. त्यांच्या वरच्या खोलीत मी राहायला गेलो, त्या पहिल्याच संध्याकाळी म्हणालो, "काका, माझा ईमेल मिळाला ना?" तर्जनी वर झाली. "ईमेल तारेच्या घराण्यातली. तार ती, म्हणून ईमेलही ती." सामान अजून जिन्यातच होतं.

एकदा मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष माईकवर म्हणाले, "चला, आरतीचा वेळ झाला." मागच्या रांगेतून तर्जनी उठली. वेळ कधी ती असते आणि कधी तो, यावर जो वाद पेटला तो मोदक गार होईपर्यंत चालला. शेवटी घरमालकच समेटाच्या सुरात म्हणाले, "आरतीची वेळ झाली म्हणा, नाहीतर आरतीचा वेळ गेला म्हणा. आता दोन्ही खरं आहे." माणूस मात्र लोण्यासारखा. ऑफिसातून यायला मला उशीर झाला, की ओट्यावर ताटल्या झाकून ठेवलेल्या असायच्या आणि शेजारी चिठ्ठी: 'भात झाकला आहे. आमटी झाकली आहे. लोणचं झाकलं आहे.' तिन्ही लिंगं जिथल्या तिथे! एकट्या माणसाने भाडेकरूसाठी आमटी करावी आणि व्याकरणासकट वाढावी, हे भाग्य लंडनमध्ये दुसऱ्या कुणाला लाभलं असेल असं मला वाटत नाही.

त्यांची मुलगी मेघना जन्मापासून इथलीच. ती लेस्टरच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याशी ती मोडकीतोडकी मराठी आनंदाने बोलायची, वडिलांशी मात्र फक्त इंग्रजी. त्याचं कारण तिनेच एकदा मला सांगितलं होतं. चौदा वर्षांची असताना ती चुकून त्यांच्या चष्म्यावर बसली. रडत जाऊन म्हणाली, "बाबा, माझा चूक झाला." ते म्हणाले, "माझी चूक झाली." हिला वाटलं, बाबा चूक स्वतःवर घेतायत. ती म्हणाली, "तुझा कशी? मीच बसले ना!" मग चूक ही स्त्रीलिंगी कशी, यावर दहा मिनिटं शिकवणी झाली. काकू होत्या तोवर त्या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करायच्या. त्या गेल्यापासून बापलेकीचं बोलणं हवापाण्यापुरतं उरलं होतं. हे सगळं मेघनाने हसत हसत सांगितलं, पण सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

त्यांच्या पंचाहत्तरीला तिने माल्टाची ट्रिप ठरवली, दोघांनी जायची. आयत्या वेळी तिचा फोन आला. "माझा ड्यूटीचा रोटा बदलली. तू जा ना बाबांबरोबर. चार दिवस त्यांना करेक्ट करायला कोणीतरी लागेल." तोवर घरमालकांनी दोन महिने घालवून माल्टी भाषेचं पुस्तक संपवलं होतं. ती भाषा मूळची अरबी वळणाची. आपली दुनिया तिथेही 'दिन्या', किताब 'क्तीब', साबण 'सापून', सबुरी 'सबार'. विमानात माझं मनगट धरून ते म्हणाले, "अरे, ही आपली चुलत माणसं! पत्ता माहीत नव्हता, एवढंच."

उतरल्यावर मला वाटलं, हॅरोलाच कुणीतरी ऊन लावलंय. गाड्या डाव्या बाजूने, कोपऱ्यावर लाल टेलिफोनची खोकी, आणि सगळ्यांना उत्तम इंग्रजी येते. घरमालकांनी मात्र इंग्रजीला चार दिवसांची रजा दिली होती. बसच्या ड्रायव्हरशी माल्टी, हॉटेलातल्या बाईंशी माल्टी. पिरॅमिडांहून जुनं दगडी देऊळ बघायला गेलो, तर देऊळ बघितलं मी एकट्याने. हे पहारेकऱ्याला गाठून पाऊण तास 'दिन्या'ची चौकशी करत होते. ज्याच्याशी बोलत तो माणूस खुलायचा, खांद्यावर हात ठेवायचा. जुन्या काळच्या ख्रिस्ती सरदारांनी बांधलेल्या तटबंदीच्या आत, उतरत्या पायऱ्यांच्या एका गल्लीत म्हातारीची बेकरी होती. रोज सकाळी तिच्याकडचा पाव घेऊन हे तिला सांगायचे, "होब्झा तय्येब!" म्हणजे पाव छान आहे. म्हातारी गल्ल्यामागून बाहेर येऊन त्यांचे दोन्ही गाल धरायची.

तिसऱ्या दिवशी रांगेतल्या एका सद्गृहस्थाने हळूच इंग्रजीत सांगितलं, "होब्झा स्त्रीलिंगी आहे, सर. तय्येब नाही, तय्बा." म्हणजे आमचे घरमालक तीन दिवस गावभर 'चांगला भाकरी, चांगला भाकरी' करत फिरत होते! म्हातारी त्या माणसावर काहीतरी कडाडली. घरमालकांचा चेहरा उतरला. रजेवरची इंग्रजी परत बोलावून त्यांनी तिला विचारलं, "तुम्हाला कळत होतं? मग सांगितलं का नाही?"

पिशवीत आणखी एक पाव कोंबत ती म्हणाली, "माझी नातवंडं ऑस्ट्रेलियात आहेत. फोनवर आमच्या भाषेतला एक शब्द बोलत नाहीत. तुम्ही रोज येऊन चार बोलता. त्यातले चुकीचे मोजत बसू?"

त्यानंतर आम्ही तटावर जाऊन बसलो. खाली निळंशार बंदर, होड्या, कुठल्याशा चर्चची दुपारची घंटा. पाव मांडीवर तसाच होता. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "मेघना चौदा वर्षांची होती रे." मी पावाचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. माझ्या व्याकरणाचा मलाच भरवसा वाटेना.

परतताना लूटनच्या विमानतळावर मेघना गाडी घेऊन आली होती. मी मागे बसलो. "हाऊ वॉज इट, बाबा?"

"मराठीत विचार."

"बाबा, प्लीज. आय अ‍ॅम ड्रायव्हिंग."

"चुकलं तरी चालेल."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गाडी मोटरवेला लागली. मग गार पाण्यात पाऊल टाकावं तशी ती म्हणाली, "काल एक आजी आला होती." घरमालकांची तर्जनी वर आली. त्यांनी ती डाव्या मुठीत धरून खाली ओढली.

"गुडघा बदलली होती तिचा. मी म्हटलं, आजी, चाल. ती म्हणाली, पहिला तू नाच."

"मग?"

"मग मी नाचलो!"

आम्ही तिघेही हसलो, आणि बांध फुटल्यासारखी ती बोलत सुटली. हॉस्पिटल, शेजारीण, कुंडीत न येणारा कोथिंबीर. बोलता बोलता म्हणाली, "रविवारी आईचा आठवण येते." त्यावर ते अगदी हळू म्हणाले, "मलाही येते."

हॅरोला वळायची पाटी आली, आणि बोलण्याच्या नादात मेघनाने गाडी सरळ पुढे नेली. पाटी मला दिसली होती. त्यांनाही दिसली होती. वळून त्यांनी मागे पडणाऱ्या पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा लेकीकडे तोंड करून म्हणाले, "बरं, मग पुढे?"