जिन्यातले क्रेट आणि सचिवांचं मौन

आमच्या सोसायटीचा सचिव निष्क्रिय आहे, हे मी तीन पत्रांत आणि एका सरकारी अर्जात लेखी सिद्ध केलं आहे.

कारण साधं होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या मजल्यावरून खाली बाकावर यायचं तर तिला जिन्याचा कठडा धरावा लागतो आणि पहिल्या मजल्यावर नेमके कठड्याला लागून वाघभाऊंचे रिकामे क्रेट, चांगले छातीइतके रचलेले. त्यांचा पिंपळगावला द्राक्षांचा व्यापार. दोन महिने आई गॅलरीतूनच बाकावरच्या मैत्रिणींकडे बघत बसली होती. मला ते बघवत नव्हतं.

"वाघला सांग ना जाऊन," आई म्हणाली.

सांगणार कसं? दर हंगामात त्यांच्याकडून द्राक्षांची पेटी येते. (यंदा दोन आल्या.) शिवाय मी अंबडला कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. आमच्याकडे माणसाशी बोलत नाहीत, रिपोर्ट लिहितात. मी टेप लावून जिना मोजला, आकृती काढली आणि 'मा. सचिव' यांना पत्र दिलं.

उत्तर नाही. दुसरं दिलं. तिसरं लाल शाईत. शेवटी चेअरमन खैरनारांना गेटवर गाठलं.

"तुमची पत्रं सचिवांच्या फाइलला लावलीत," ते म्हणाले, "पण सचिव काही बोलतच नाहीत."

"मग काढून टाका ना असल्या माणसाला!"

खैरनारांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "तुमचीच तशी इच्छा असेल तर ठेवू सभेपुढे."

सचिव कोण, हे मी विचारलं नाही. पत्र पदाला जातं, माणसाला नाही, हे माझं तत्त्व.

"मी बोलू का वाघवहिनींशी?" बायकोने, सुनीताने, विचारलं.

"नको. प्रोसिजर बिघडेल."

मग रजा टाकून उपनिबंधकांचं कार्यालय गाठलं. सोसायटी स्वतःचे नियम पाळत नसेल तर सभासदाने तिथे जायचं असतं. टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला.

"सचिवांविरुद्ध आहे ना?"

"हो. अत्यंत बेजबाबदार माणूस."

त्यांनी माझं आधार कार्ड पाहिलं, सोसायटीची फाइल पाहिली, पुन्हा कार्ड पाहिलं.

"नाव, आडनाव, फ्लॅट नंबर. सगळं तुमचंच आहे हो."

फाइलमध्ये गेल्या वर्षीच्या सभेचा वृत्तांत होता. 'हात वर करून सचिवपदास संमती दिली.' खाली माझी सही, तिच्यावर तेलाचा डाग. तो डाग पाहिला आणि सगळं आठवलं. सभेत मिसळ होती. "सचिव व्हायला कोण तयार आहे?" असं खैरनार विचारत होते आणि मी वाढणाऱ्याकडे बघून रश्श्यासाठी हात वर केला. टाळ्या वाजल्या. मला वाटलं, मिसळ सगळ्यांनाच आवडली. मग रजिस्टर फिरलं आणि कंपनीत ओळ न् ओळ वाचून सही करणाऱ्या मी एका हातात पाव धरून सही ठोकली.

"अहो, मला सांगायचं तरी!" मी खैरनारांना फोन केला.

"मला वाटलं, तुम्ही स्वतःवरच चिडलाय," ते म्हणाले.

घरी येऊन सगळं सांगितलं. सुनीता हसत सुटली. आई उठली, भिंत धरत दारापर्यंत गेली आणि जिन्यात वाकून म्हणाली, "वाघ, ते क्रेट उचल रे बाबा. मला खाली यायचंय."

"उचलतो काकू! आधी नाय का सांगायचं? लय अडचण झाली असंल तुमची."

दहा मिनिटांत कठडा मोकळा. संध्याकाळी आई बाकावर बसलेली पाहिली आणि मला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती लाल शाईसुद्धा विसरलो.

अर्ज मात्र दाखल झालाय. सचिवांचा खुलासा मागणारी नोटीस परवा आली, ती मीच सही करून घेतली. या वेळी वाचून. सुनीता म्हणते, आता तरी अर्ज मागे घ्या. मी तयार आहे. पण तक्रारदार म्हणतो, आधी सचिवाने लेखी माफी मागावी. माणूस भलताच चिकट आहे.