दोन्ही याद्या तपासून

माझ्या लेकीची हुशारी पहिल्यांदा ओळखली ती कर्जतच्या बाजारातल्या एका मावशीनं. मावशी डोंगरावरच्या वाडीतून खेकडे विकायला आली होती. माझी नऊ वर्षांची पोर टोपलीतला एकेक खेकडा उलटा करून नर-मादी वेगळे करत सुटली. पोटावरची पट्टी निमुळती तो नर, रुंद ती मादी. मी ओरडणार तोच मावशी म्हणाली, “राहू दे गं, बरोबर लावतेय.”

शाळेत मात्र ती ‘शांत, गुणी मुलगी’. मैत्रिणी हसल्या की हसायचं, गप्प झाल्या की गप्प व्हायचं आणि घरी येऊन कपाटात जाऊन बसायचं. तिनं बाकं आपटली असती तर कुणी तरी विचारलं असतं. शेवटी अकराव्या वर्षी पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ऑटिझम आहे. पुष्कळ मुली बघून बघून नक्कल करतात, म्हणून उशिरा कळतं. यात तुमची काही चूक नाही. बरंचसं जन्माआधीच ठरतं, रक्तातून येतं. घरात आणखी कोणी असं आहे का?”

तोच प्रश्न मी घरी जेवताना काढला. सासूबाई तडक म्हणाल्या, “आमच्यात कोणी नाय. तुझ्या माहेरी बघ.”

त्या वेळी सासरे त्यांच्या ठरलेल्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, भाताला आमटी लागू न देता जेवत होते. शर्ट उलटा घातलेला, कारण शिवण टोचते. आम्ही सगळेच त्यांच्याकडं बघायला लागलो.

“काय झालं?”

“काय नाय, जेवा तुमी,” सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून हळूच, “चाळीस वर्सं मी याला हट्टीपणा समजले गं.”

दिवाळीला नणंद आली. तिचा आवाज खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत जातो. भाचीचे बारीक कापलेले केस बघून ती म्हणाली, “अगं, जरा मुलीसारखी राहा की!”

“मुलीसारखी म्हणजे कशी? यादी दे.”

नणंदेनं दिली. लांब केस, बांगड्या, हळू बोलणं, उलट न बोलणं. पोरीनं सगळं वहीत उतरवलं आणि मुलग्यांची यादी मागायला आजोबांकडं गेली. त्यांनी अर्धा तास विचार करून एकच शब्द दिला, “मिशी.”

संध्याकाळी निकाल लागला. “दोन्ही याद्या तपासल्या. मी मुलगी नाय बहुतेक. मुलगा पण नाय. आणि आत्या, तू पण तुझ्या यादीत बसत नाय.”

हसता हसता मला ठसका लागला, पण ते बोलणं डोक्यातून गेलं नाही. पुढच्या भेटीत मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “आजारामुळं असं बोलते का हो?”

“हा आजार नाही. अशा मुलांमध्ये हे जरा जास्त दिसतं, का ते अजून नीट कळलेलं नाही. आज सांगतेय ते ऐका. उद्या तेच सांगेल, नाही तर वेगळं. घाई कसली?”

बाहेर आल्यावर मी लेकीला विचारलं, “मग तुला काय म्हणायचं?”

“नाव हाय ना मला.”

बाराव्या वाढदिवसाला काय हवं, तर म्हणाली, “कोणाला बोलवू नका. गाणं नको. टाळ्या नको.” म्हणून माझ्या नवऱ्यासकट आम्ही घरच्या पाच जणांनी पंख्याखाली बसून, एक शब्द न बोलता केक खाल्ला. सासऱ्यांनी दुसरा तुकडा मागितला, तोही खुणेनं.

“माझा पण असाच करा,” ते नंतर म्हणाले.