शवासनात मिटलेले डोळे

बायांनो, आज लई जिवाला लागलं.

आमच्या हट्टा गावात आमी बाया रोज सकाळी शाळेच्या पटांगणात योगा करतो. भुजंगासनानं माझी कंबर मोकळी झाली, झोप लागायला लागली.

आज शवासनात शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "डोळे मिटा, इथं कुणी बघत न्हाई." आई गेल्यापासून अडकलेलं रडू बाहेर आलं. मन हलकं झालं.

घरी आले तर सासूबाईंनी मोबाईल पुढं केला. "काहून रडून राहिली गं? आमी काय तकलीफ दिली तुला?"

ताईंनी माझ्या रडण्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. खाली लिहिलं होतं, 'बघा योगाचा फायदा!'

फायदा झालाच, खोटं कशाला बोलू? पण शवासनाला डोळे मिटावे लागतात. उद्या कुणाच्या भरवशावर मिटू, तुमीच सांगा.