उलटा हत्ती

तलासरी नाक्यावर बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की बाबा कापायच्या टेबलावर माझ्याशी बुद्धिबळाचा पट मांडायचे. आमच्या संचात जास्तीचा वजीर नव्हता. त्यामुळे प्यादं शेवटच्या घरात पोचलं, की मेलेला हत्ती उलटा ठेवायचा, तो वजीर. डहाणू रोडच्या स्पर्धांतही सगळे असंच करायचे. कोणी कधी हरकत घेतली नाही.

२०१७ साली मी मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोचले. बाबा दुकान बंद ठेवून सोबत आले. त्यांनी आधीच बजावलं होतं, "पदक आणलंस तर दहावीतही खेळ. नाहीतर बुद्धिबळ बंद." मला कशातच फारशी गती नव्हती, फक्त या खेळात थोडी होती.

शेवटचा डाव जिंकला असता तर तिसरी आले असते. जिंकतही होते. माझा वजीर पटावर होताच, प्यादं पोचलं, म्हणून दुसरा हवा होता. मी सवयीने बाहेरचा हत्ती उचलला, उलटा ठेवला, घड्याळ दाबलं. समोरची मुलगी क्षणभर बघत राहिली आणि खेळली. पुढच्या चालीला मी तो तिरका नेला. तिने घड्याळ थांबवून हात वर केला.

पंच वाकून म्हणाले, "बेटा, यह हाथी है। उल्टा रखो या सीधा।"

त्याला हात लावला होता, म्हणून त्याचीच हत्तीची चाल करावी लागली. जाऊ शकेल असं एकच घर होतं, तिथे तिच्या उंटाने तो खाल्ला. पुढे माझा वजीरही गेला. डाव हरून मी हात मिळवला, निकालाच्या कागदावर सही केली, अक्षर नेहमीसारखंच आलं. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. आत सगळं बधिर होतं, दात काढल्यावर गाल होतो तसं.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. "काय झालं, पोरी?"

हत्तीचं सांगायला तोंड उघडलं. हे मला कोणी शिकवलं, ते त्यांना लगेच कळलं असतं.

"घाबरले," मी म्हणाले. "वजीर फुकट दिला."

त्यांनी उठून पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाले, "बरं. आता अभ्यासाला लाग."

अजूनही विषय निघाला की ते लोकांना सांगतात, पोरगी हुशार होती, पण काळीज लहान. मी शेजारी बसून ऐकते.