नईमसरांच्या चेहऱ्याचा रंग

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या स्टुडिओत एकटीच काम करत बसले होते. वाळूजच्या लग्नाचं चित्रण समोर होतं, त्याचे रंग जुळवायचे होते. मांडवात गर्द सावली आणि मांडवाबाहेर डोळे दिपवणारं ऊन, असं ते दृश्य. नईमसर आदल्या दिवशी आईला भेटायला सिल्लोडला गेले होते. मी त्यांना स्क्रीनचा फोटो पाठवून विचारलं, "सर, बाहेरचं आकाश निळं राखू की पांढरं जाऊ देऊ?" लगेच दोन निळ्या खुणा आल्या आणि उत्तरही आलं. मी स्क्रीनवरून नजर न काढता, सवयीनं, 'ओके सर' लिहून पाठवलं. मग वाचलं. त्यांच्या मेहुण्यांनी त्यांच्याच फोनवरून लिहिलं होतं, "नईम का इंतकाल हो गया. जोहर बाद मिट्टी."

त्याखाली माझं 'ओके सर'.

ते मी अजून पुसलेलं नाही. पुसता येतं, पण कसं पुसायचं तेच कळत नाही... चव्वेचाळीस वर्षांचा माणूस सकाळी चहा पितो, बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो आणि वर येत नाही, हे वाक्य मी आता पाच आठवडे वेगवेगळ्या लोकांना सांगते आहे. प्रत्येक वेळी ते दुसऱ्याच कुणाबद्दल आहे असं वाटतं.

मी सिल्लोडला पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज आणि दफन आटोपून पुरुष कब्रस्तानातून परत येऊन अंगणात बसले होते. आत बायकांच्या खोलीत सरांची आई, अम्मी, पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी भाभी, सरांची बायको. भाभींनी हात धरून मला खाली बसवलं आणि अम्मींना सांगितलं, "ये सायली. नईम बताते थे ना... इनके साथ काम करनेवाली." अम्मींनी मान हलवली. मी सरांचा चेहरा शेवटचा पाहिला तो रविवारी, वाळूजला. तेव्हा तो शेवटचा आहे हे ठाऊक नसल्यामुळे नीट पाहिला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे गेले ती इंटरनेटवर शिकलेली चार इंग्रजी नावं घेऊन. त्यांनी मला एक कच्चं दृश्य दाखवलं. नवे कॅमेरे ऊन आणि सावली दोन्ही पकडतात, पण त्यासाठी सगळं दाबून, फिकं करून साठवतात. नवरीच्या लाल शालूवर राख फासल्यासारखं दिसत होतं. "ह्यातून रंग परत कसे आणशील?" त्यांनी विचारलं. मी 'एलयूटी' म्हणाले, म्हणजे लुकअप टेबल. "म्हंजे काय?" मी पाठ केलेली व्याख्या इंग्रजीत म्हटली. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमचं सिल्लोडला मॅचिंग सेंटर होतं. अब्बा गेल्यावर अम्मी बसायची गल्ल्यावर. बाई साडी घेऊन आली, की अम्मी साडीकडं एकदा बघायची आणि हात मागं करून बरोब्बर ब्लाउजपीस काढायची. विचार करत नव्हती. ह्या साडीला हा कपडा, त्या साडीला तो, सगळा तक्ता डोक्यात. आपली लट तेच करते. हा फिका रंग आला, की तो खरा रंग दे. लाखभर रंगांचं मॅचिंग सेंटर." व्याख्या मला पाठ होती, पण ती कळली त्या दिवशी. धंद्यात सगळे त्याला लटच म्हणतात. मीही म्हणायला लागले.

पहिल्याच महिन्यात मी एक हळद बिघडवली. एक कॅमेरा लट लावूनच चित्रण साठवत होता, म्हणजे रंग आधीच परत आलेले होते. मी न तपासता त्यावर पुन्हा लट चढवली. नवरी जर्द पिवळी, तिचा मामा बीटरूटसारखा, आणि मागची भिंत डोळ्यांना बोचणारी निळी. मी दोन तास ते दुरुस्त करत राहिले, कुणाला न सांगता. सर मागं येऊन उभे राहिले. "काय गं, पोरीला दोनदा हळद लावली काय?" मी मान खाली घातली. "आणि मामाला काय पाजलंस?" मग खुर्ची ओढून बसले आणि आधी काय तपासायचं ते दाखवलं. इतर ठिकाणी लोक ओरडतात हे मला नंतर मैत्रिणींकडून समजलं.

बाजारात मिळणाऱ्या तयार लट ते वापरत नसत. "ह्या गोऱ्या कातडीवर बसवल्यात," म्हणत. ते खरंच होतं. आपल्याकडचे चेहरे त्यांत एकतर विटेसारखे लाल होत किंवा राखाडी. त्यात आपले मांडव लाल-हिरव्या कापडाचे, त्याची झाक गालांवर पडते. सर प्रत्येक लग्नासाठी, तिथल्या उजेडासाठी स्वतंत्र लट बनवत आणि गावाच्या नावानं ठेवत. 'पैठण दुपार'. 'कन्नड पावसाळी'. 'बिडकीन गुलाबी कापड'. कितीदा वाटे, कोण बघतंय एवढं? पण लग्नघरी तयार व्हिडिओ लावला की एखादी म्हातारी पडद्याजवळ जाऊन "अगं, ही बघ आपली बेबी" म्हणायची आणि सर माझ्याकडे बघून भुवई उडवायचे.

बिडकीनच्या त्या लग्नाचं आठवतं. मुलीचे वडील स्टुडिओत आले, फेटा काढून मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, "नईमभाई, पोरगी जरा उजळ करता येईल का? येतंय ना तसं आजकाल?"

"येतंय की काका. पण पाव्हण्यांनी पोरगी बघितलीय ना?"

"व्हय, बघितली. पसंत केली."

"मग व्हिडिओत दुसरीच कशाला बसवू? उद्या जावई विचारंल, ही कोण?"

काका हसले, आम्हीही हसलो. पण धाकटीच्या लग्नाचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. सर त्यावर इतकंच म्हणाले, "त्यांचं बी बरोबर आहे. त्यांना पोरीचं भलं वाटतं. ते तिला उजळ केल्यानं होतं असं त्यांना वाटतं, एवढंच चुकतंय."

सर गेल्यानंतर बारा दिवसांनी भाभींचा फोन आला. अम्मी जेवत नव्हत्या. कुणीतरी सरांचा फोटो मोठा करून आणला होता, एका साखरपुड्यात नातेवाइकानं मोबाइलवर काढलेला. मोबाइलनं आपणहून चेहरा गुळगुळीत आणि गोरा केला होता. अम्मींनी तो हातात घेतला, उलटा करून पलंगावर ठेवला आणि म्हणाल्या, "मेरे बच्चे का फोटो मांगा था." भाभींच्या फोनमध्ये होते तेही सगळे तसलेच. ज्या माणसानं शेकडो लग्नं टिपली तो स्वतः कुठंच नव्हता. "तुझ्याकडं काही आहे का गं सायली? चालता-बोलता असला तर... अम्मीला चेहरा आठवंना झालाय म्हणते. घाबरते ती."

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मलाही आठवत नव्हता. चष्मा आठवत होता. दाढीतले पांढरे केस आठवत होते. रंग? रोज आठ तास शेजारी बसून मी त्या माणसाकडे नव्हे, त्याच्या शेजारच्या स्क्रीनकडे बघत होते.

होतं एक चित्रण. प्रत्येक कार्यक्रमात पहिलं दृश्य म्हणून सर स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहत, हातात कलर चार्ट धरून. पुठ्ठ्यावर रंगांचे चौकोन, खाली पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या पायऱ्या. तो चार्ट चेहऱ्याशेजारी धरून दहा सेकंद थांबायचं. नंतर संगणकावर करडा चौकोन खरा करडा दिसेपर्यंत रंग जुळवले, की बाकी सगळं जागेवर येतं. लट तिथूनच बनवायला सुरुवात होते. ती दृश्यं पाहुण्यांसाठी नसतात. काम झालं की आम्ही ती पुसून टाकतो. पण वाळूजचं काम अजून व्हायचं होतं, आणि त्या कॅमेऱ्याच्या कार्डावर सगळ्यात पहिलं तेच होतं. रविवार सकाळ, मंगल कार्यालयाचं पटांगण, राखाडी जॅकेट, आणि फिक्या, राख फासलेल्या रंगात नईमसर.

मी त्या अकरा सेकंदांवर आठ दिवस काम केलं. वाळूजच्या माणसांना थांबायला सांगितलं. आधी चार्टवरून करडा जुळवला, सरांनी शिकवलं होतं तसं. चेहरा आला. पण तो मला थकलेला वाटला, डोळ्यांखाली काळा, म्हणून तिथं थोडा उजेड वाढवला. मग कपाळ गडद वाटलं, ते थोडं उचललं. गालांवर जरा ऊब दिली. रोज थोडंसं. आठव्या दिवशी सर छान दिसत होते. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि सिल्लोडची बस पकडली.

अम्मींनी पलंगावर मांडी घालून लॅपटॉप पुढ्यात घेतला. भाभी मागं उभ्या राहिल्या, त्यांची नऊ वर्षांची झोया पलंगाच्या कठड्यावर. मी दृश्य सुरू केलं. अकरा सेकंद संपले. मग अम्मी म्हणाल्या,

"इसको पावडर किसने लगाया?"

मला आधी समजलंच नाही.

"इत्ता गोरा कब था वो? लहानपणी ह्याच्या मावश्या कोळसा म्हणायच्या ह्याला. ये कोई नवरदेव है. मेरा नईम नाय ह्यो."

बिडकीनच्या काकांना मी हसले होते. तीन वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसून जे करायचं नाही तेवढंच शिकले होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर नेमकं तेच केलं होतं... प्रेमानं, थोडं थोडं करून. करडा चौकोन पहिल्याच दिवशी बरोबर सांगत होता. मीच त्याचं ऐकलं नव्हतं.

"मी करते कमी," मी म्हणाले.

तिथंच, पलंगावर लॅपटॉप ठेवून, मी एकेक थर काढायला लागले. अम्मींनी चष्मा पुसला आणि स्क्रीनजवळ सरकल्या. दुकान बंद करून त्यांना दहा वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज बदलला. "अजून. अजून एक पट्टी खाली. कपाळ हौर काला. हां... नको, आता लई झालं, आधीचं दे. तो पिवळा निकाल दे गाल पे का, वो नहीं था उसको." मी बोटानं स्क्रीनवरचा रंगाचा काटा एकेक घर हलवत होते. कुठलंही मोजमाप न वापरता त्या मला परत तिथंच घेऊन आल्या, जिथं चार्टनं पहिल्या दिवशी आणून सोडलं होतं. मी दोन्ही शेजारी लावून पाहिलं. फरक दिसत नव्हता.

"बस," अम्मी म्हणाल्या. "ये है." आणि पदर तोंडावर घेतला. भाभींनी झोयाला जवळ ओढलं.

मग झोयानं विचारलं, "अब्बा बोल रहे ना? आवाज क्यूं नहीं आ रहा?"

रंगाचं काम करताना आम्ही आवाज बंद ठेवतो. आठ दिवस मी त्यांचे ओठ हलताना पाहिले होते, फक्त ओठांचा रंग जुळवण्यासाठी. ते काय म्हणतात, हा प्रश्नच मला पडला नव्हता. मी आवाज सुरू केला.

सनईची टेप, कुठंतरी खुर्च्या लावल्याचा आवाज, आणि मग सर, चार्ट गालाशी धरून, थेट कॅमेऱ्याकडे बघत: "बोल की गं काहीतरी. नुसतं उभं राहायला कसंतरीच होतं."

कॅमेऱ्यामागे मी होते. पुढचे सहा-सात सेकंद फक्त सनई आहे. सर भुवया वर करून वाट बघताहेत. मग हसतात. "बरं, राहू दे. कट."

अम्मींनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तू काय बोलली नाय त्याला?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला तो रविवार आठवतो; मला काही सुचत नव्हतं, एवढंच. वाटलं होतं, नंतर बोलू.

अम्मी रागावल्या नाहीत. स्क्रीनकडे वळल्या आणि म्हणाल्या, "लगा परत." मी लावलं. सर म्हणाले, बोल की गं काहीतरी. आणि त्यानंतरच्या मोकळ्या जागेत अम्मी बोलायला लागल्या.

आता मी दर रविवारी सिल्लोडला जाते. अम्मी जेवायला लागल्या आहेत. वाळूजच्या माणसांना त्यांचं लग्न देऊन झालं. आकाश मी निळं राखलं. दुपारी जेवण झालं की पलंगावर लॅपटॉप मांडला जातो आणि अम्मी त्या सहा-सात सेकंदांत सांगून घेतात, काय काय झालं ते. झोयाला सायकल यायला लागली. मामूच्या शेतातला मका निघाला. "हौर ये जॅकेट कायको पहना रे इत्ती गर्मी में?" सर भुवया वर करून ऐकतात, हसतात, आणि म्हणतात, "बरं, राहू दे. कट."

"रुक," अम्मी मला म्हणतात, "मेरा हुआ नहीं अभी. फिर से लगा."